ओढ्यात काळं पाणी येतंय, दाद कुणाकडे मागायची?

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्याच्या गावातून जाणारा ओढा पुढे कृष्णेला मिळतो. वरच्या मोठ्या गावाचं सांडपाणी त्यात येतं, उन्हाळ्यात जलपर्णी माजते आणि गळीत हंगामात अधूनमधून रात्रीचं काळं, उग्र वासाचं पाणी येतं. ओढा नदीला मिळतो तिथून थोडं खाली गावच्या नळयोजनेची जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) आहे. ग्रामपंचायतीने पाटबंधारे खात्याकडे बोट दाखवलं, खात्याने प्रदूषण मंडळाकडे पाठवलं आणि मंडळाचा माणूस आला त्या दिवशी पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं. त्यात निम्मं गाव साखर कारखान्याचं सभासद, त्यामुळे अर्जावर सही करायला कुणी तयार नाही. पुढे काय करायचं, असं तो विचारतोय.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. कृष्णा खोऱ्यातच नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर सातारा-सांगलीतल्या गावांना असे अर्ज लिहून द्यायला मदत करतो. असले अर्ज आधी टेबलाच्या आत बसून वाचलेत आणि आता बाहेर उभा राहून देतोय. त्यावरून सांगतो, तुमचं घोडं अर्जातच अडलंय. 'ओढा प्रदूषित झाला असून योग्य ती कार्यवाही व्हावी' असा कागद कुठल्याही कचेरीत आला, की त्यावर 'उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा पडतो आणि तो शेजारच्या कचेरीत जातो. त्यात कुणाचा द्वेष नसतो. वाचणाऱ्याला त्यात आपलं नेमकं काम दिसत नाही आणि दुसऱ्याचं काम मात्र लगेच दिसतं. म्हणून अर्ज असा हवा, की ज्याच्या हातात पडेल त्याला तो दुसऱ्याकडे ढकलताच येऊ नये.

तुमच्या एका प्रश्नात चार तक्रारी आहेत: सांडपाणी, काळं पाणी, जलपर्णी आणि पिण्याचं पाणी. या चारींची कचेरी वेगळी, कायदा वेगळा आणि मागणीही वेगळी. चार अर्ज करा, एकाच तारखेचे. प्रत्येकात बाकीच्या तिघांना प्रत द्या, म्हणजे 'ते त्यांच्याकडे येतं' म्हणायची सोय राहत नाही.

अर्जाआधी एक काम आहे आणि ते टाळू नका. ओढा चालून बघा. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढा. नकाशात ओढ्याला गट नंबर नसतो, तो दोन्ही काठांच्या गटांमधून गेलेला दिसतो. नदी, ओढे, नाले आणि त्यांचं पात्र सरकारच्या मालकीचं आहे, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 मध्ये स्पष्ट आहे. पात्रात भराव किंवा अतिक्रमण असेल तर ते तहसीलदारांचं काम. 'खासगी वाद आहे' म्हणून त्यांना हात झटकता येत नाहीत.

ओढ्याच्या तोंडापासून वर चालत जा. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान जा, कारण घराघरांतलं सांडपाणी तेव्हाच सगळ्यात जास्त वाहतं. दोघे-तिघे असा, एकाकडे वही, एकाकडे तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवरच उमटवणारं अॅप. प्रत्येक मोरी, पूल, बंधारा आणि पाइपचं तोंड टिपा आणि जवळचा गट नंबर लिहा. पाणी गढूळ असलं तरी दगड खरं सांगतात. ज्या पाइपमधून सतत मैला येतो त्याच्या खालच्या दगडांवर करड्या रंगाचा, लोंबणारा, कापसासारखा बुळबुळीत थर धरलेला असतो. त्याच पाइपच्या दहा पावलं वर साधं हिरवं शेवाळ दिसतं. हे दोन फोटो शेजारी शेजारी अर्जाला लावले, की सांडपाणी कुठून सुरू होतं यावर वाद उरत नाही. पाइप त्या दिवशी कोरडा असला तरी दगडावरचा थर एका रात्रीत जात नाही.

मोऱ्यांचं वेगळं लिहून ठेवा. गावरस्त्यावरची मोरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची, राज्यमार्गावरची सार्वजनिक बांधकाम विभागाची, पुणे-बंगळूर महामार्गावरची राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची आणि पुणे-मिरज लोहमार्गाखालची मध्य रेल्वेची. कित्येकदा ओढ्याचं पाणी तुंबतं ते मोरीत अडकलेल्या गाळाने, आणि ती मोरी कुणाची हेच कुणी शोधलेलं नसतं.

आता सांडपाणी. ते नगरपरिषद हद्दीतून येत असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांना, महापालिका असेल तर आयुक्तांना, ग्रामपंचायत असेल तर ग्रामपंचायत अधिकारी आणि गटविकास अधिकाऱ्यांना. पहिलं उत्तर बहुधा येईल, 'निधी नाही.' त्याला उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच देऊन ठेवलंय. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात उघड्या गटारांनी हैराण झालेल्या रहिवाशांच्या बाजूने निकाल देताना न्यायालयाने म्हटलं, की पैसे नाहीत हे कारण सांगून नगरपालिकेला आपलं मूळ कर्तव्य टाळता येणार नाही. हा निकाल अर्जात एका ओळीत लिहा. त्या खटल्याचं मूळ होतं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133. आज तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 आहे. सार्वजनिक ठिकाण, नदी किंवा पाण्याची वाट यातला उपद्रव काढून टाकायचा आदेश त्याखाली प्रांताधिकारी देऊ शकतात. खर्च फार येत नाही आणि सुनावणी तालुक्याच्या जवळ होते. माझा अनुभव असा, की प्रांतांची नोटीस निघाली की नगरपरिषदेचा अभियंता दुसऱ्याच आठवड्यात ओढ्यावर दिसतो.

'योजना मंजूर आहे' हे दुसरं ठरलेलं उत्तर. सांगलीकरांना शेरी नाल्याबद्दल वेगळं सांगायला नको. शहराचं सांडपाणी कृष्णेत जाऊ न देता उपसून धुळगावकडे न्यायचं आणि शेतीला द्यायचं अशी योजना उभी राहिली, तरी नाल्याचं पाणी नदीत मिसळल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतच राहिल्या. म्हणून 'योजना कधी पूर्ण होणार' असं विचारू नका. विचारा, 'उपसा पंप मागच्या महिन्यात किती तास चालले, त्याचं लॉगबुक दाखवा.' वीजबिलाची प्रत मागा. पंप बंद असतील तर ते बिलात दिसतंच.

काळ्या पाण्याचा भाग सगळ्यात अवघड, म्हणून तो जरा सावकाश सांगतो. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना करायचा. सांगलीचं उपप्रादेशिक कार्यालय कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं आणि साताऱ्याचं पुण्याच्या. कराड-सांगली शेजारी असली तरी वरिष्ठांची कचेरी वेगळी. ओढ्याचा वरचा भाग सातारा जिल्ह्यात असेल तर दोन्हीकडे अर्ज हवा, नाहीतर कागद पुणे-कोल्हापूर फिरत राहतो.

जलप्रदूषण कायदा 1974 च्या कलम 24 प्रमाणे प्रवाहात घातक द्रव्य सोडायला मनाई आहे आणि कलम 33-अ खाली मंडळ एखादा प्रकल्प बंद करायचा किंवा त्याची वीज-पाणी तोडायचा आदेश देऊ शकतं. पण हे सगळं नमुन्यावर उभं राहतं आणि नमुना कसा घ्यायचा ते कलम 21 मध्ये ठरलेलं आहे. प्रकल्पाच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या माणसाने घ्यायचा, ताब्यात जागा असणाऱ्याला तशी सूचना द्यायची, बाटल्या सीलबंद करायच्या. तुम्ही शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून नेलेलं पाणी कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही. अधिकाऱ्याला दाखवायला ते ठेवा, पण सगळी भिस्त त्यावर नको.

रात्रीचं पाणी सकाळी निघून जातं, हीच तुमची अडचण आहे. त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, पाणी येण्याआधीच लेखी मागा: 'अशी घटना कळवल्यावर किती तासांत नमुना घेतला जाईल, तो कोणत्या पदाचा अधिकारी घेईल आणि रात्री कळवायचं कुणाला?' याचं उत्तर मिळालं तर ते तुमच्या हातातलं हत्यार झालं. उत्तर नाही मिळालं, तर तेही पुढच्या पत्रात लिहायचं. दुसरा, पाणी येताक्षणी ईमेल करा, फोन नंतर. फोनचा पुरावा राहत नाही, ईमेलवर रात्री 2:10 ची वेळ उमटते.

तिसरा उपाय म्हणजे नमुना योग्य जागेवरून आणि योग्य वेळी मागणं. आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळ्यानंतर बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, मागे पाणी साठतं. वरून आलेलं काळं पाणी तिथे रेंगाळतं आणि घाण तळाशी बसते. वाहत्या ओढ्यात काही सापडलं नाही तरी बंधाऱ्यामागच्या डोहात तळालगतचं पाणी आणि गाळ बोलतो. वेळेचं म्हणाल तर सूर्य उगवायच्या आधीची. रात्रभर शेवाळ आणि जीवजंतू पाण्यातला प्राणवायू वापरतात, त्यामुळे तो पहाटे सर्वात कमी असतो. ऊन चढलं की शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडायला लागतं आणि दुपारी एक वाजता घेतलेल्या नमुन्यात तोच डोह बरा दिसतो. मासे पहाटे तडफडतात आणि साहेब जेवणानंतर येतात, म्हणूनच अहवाल 'मानकाच्या आत' येतो. अर्जात साफ लिहा: 'विरघळलेल्या प्राणवायूचं मोजमाप सकाळी सातच्या आत, जागेवरच, पंचांसमक्ष करावं.' आंघोळीला योग्य पाण्यात प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम असावा, असा मापदंड आहे. हे दोन आकडे पाठ करून ठेवा. अहवाल हातात आला की आधी तेच बघायचे.

मासे मेले तर त्याच दिवशी तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्या. ते येईपर्यंत मासे गोळा करून पुरू नका. मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिलाही सोबत घ्या, कारण तिचं नुकसान रुपयांत मोजता येतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. अर्जात कारखान्याचं नाव घालू नका. तुम्ही पाइप डोळ्याने पाहिलेला नाही, तर आरोप कशाला? 'गट क्रमांक अमुक व तमुक यांमधील ओढ्यात अमुक तारखेला काळे पाणी आले, त्याचा उगम शोधून लेखी कळवावे' एवढंच लिहा. उगम शोधणं हे मंडळाचं काम आहे. त्यांनी शोधलं नाही तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. नाव घातलंत तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

जलपर्णीचं थोडक्यात सांगतो. मैल्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन ती वाढते, त्यामुळे सांडपाणी थांबल्याशिवाय ती हटत नाही. काढायची मागणी करा, पण काढलेला ढीग पूररेषेच्या वर नेऊन टाकायची अटही लिहून घ्या. काठावर ठेवलेला ढीग पहिल्या पुरात परत नदीत जातो.

पिण्याच्या पाण्याचा अर्ज तुम्ही शेवटी ठेवला असाल, पण तुमचं सगळ्यात जोरकस शस्त्र तेच आहे. ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांची पाहणी करून आरोग्य विभाग हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो, लाल म्हणजे सगळ्यात जास्त धोका. जॅकवेलच्या वर सांडपाणी मिसळतंय हे फोटोनिशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा आणि स्रोताची पुन्हा पाहणी मागा. नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्या. तुमच्यासारख्याच एका गावात तीन वर्षं पाटबंधारे-नगरपरिषद अशी टोलवाटोलवी चालली होती. लाल कार्ड आलं तेव्हा सरपंचांना स्वतःच्या नावाने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पत्र लिहावं लागलं आणि जिल्हा परिषदेने वरच्या नगरपरिषदेला लिहिलं. एका खात्याचं पत्र दुसऱ्या खात्याला गेलं, की त्याचं उत्तर टाळणं नागरिकाच्या अर्जाइतकं सोपं नसतं. तोपर्यंत जलसुरक्षकाला टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची) पावडर वेळेवर टाकायला सांगा आणि शेवटच्या नळावर ओ.टी. टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी चाचणी) स्वतः उभं राहून बघा. पत्रव्यवहार चालू असताना पोरं आजारी पडता कामा नयेत.

पाठपुरावा असा करा. अर्ज हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. 'ठेवून जा, साहेब आले की दाखवतो' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. आपल्या राज्यात दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. 2005 च्या या कायद्याप्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याने फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवायची नसते. स्मरणपत्रात त्याचा उल्लेख करा.

महिन्याभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकार वापरा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक अर्ज, एक विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, असा महाराष्ट्राचा नियम आहे. 'कारवाई का केली नाही' असं विचारलं तर 'का' ही माहिती नाही म्हणून अर्ज फेटाळला जाईल. कागद मागा: 'माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत, तो आज कोणाच्या टेबलावर आहे याची नोंद आणि या ओढ्यावरील मागच्या तीन वर्षांचे नमुना अहवाल.' टिपणी हातात आली की फाइल कुठे बसली ते शाईत दिसतं. उत्तर तीस दिवसांत आलं पाहिजे, नाहीतर त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे प्रथम अपील करायचं.

जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यायचा. तिथे सगळी खाती एका खोलीत बसलेली असतात, म्हणून टोलवाटोलवीच्या प्रकरणात मला तो फार उपयोगी वाटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रातले होते आणि कृष्णाही त्यात होती. जिल्हाधिकाऱ्यांसमोर हे सांगा आणि आपला ओढा त्याच नदीला मिळतो हे नकाशावर दाखवा.

हरित लवादाचं पुण्यातलं खंडपीठ हा शेवटचा टप्पा. तिथे स्वतः उभं राहता येतं, पण मुदत लक्षात ठेवा. हरित लवाद कायद्याच्या कलम 14 खालचा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, भरपाई किंवा पूर्ववत करण्याच्या मागणीला पाच वर्षं मिळतात. वर सांगितलेले शिक्के, ईमेल, पंचनामे हाताशी नसतील तर तिथेही निभाव लागणार नाही.

राहता राहिला सह्यांचा प्रश्न. लोक का घाबरतात ते मला ठाऊक आहे. नाव पुढे आलं आणि ऊसतोडीची टोळी फेब्रुवारीऐवजी एप्रिलमध्ये आली, तर वजन घटतं, खोडवा मागे पडतो आणि सोसायटीचं कर्ज तसंच राहतं. या भीतीला भित्रेपणा म्हणू नका आणि एकेका शेतकऱ्याच्या दारात सहीसाठी जाऊ नका. विषय ग्रामसभेत न्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा होतात. त्याआधी लेखी विषय द्या आणि तो पिण्याच्या पाण्याचा म्हणून मांडा. 'नळयोजनेच्या स्रोताच्या संरक्षणासाठी ओढ्यातील पाण्याची तपासणी करून घेणे' या विषयाला हात वर करताना कुणी कारखान्याच्या विरोधात गेला असं होत नाही. बचत गटांतल्या बायकांना सभेला आवर्जून बोलवा. घरात हंडा कुणाच्या हातात असतो ते सरपंचही जाणतात. ठराव झाला की पुढचे चारही अर्ज ठरावाचा क्रमांक घालून ग्रामपंचायतीच्या जावक क्रमांकाने जातील आणि खाली एकट्याची सही लागणार नाही.

एक नमुना गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, पावसाळा ओसरला की लगेच, ठरावाच्या आधारे अधिकृतपणे काढून घ्या. ओढा बरा असतानाचा तो अहवाल हातात असला, की जानेवारीतल्या काळ्या पाण्याच्या अहवालाशेजारी ठेवून बोलता येतं. तो नसला तर 'इथलं पाणी पहिल्यापासून असंच आहे' हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल.